पुढील आदेश होईपर्यंत

शासकीय परिपत्रकांच्या भाषेशी ज्याचा नित्य संबंध येतो, त्याला काही शब्द इतके अंगवळणी पडतात की, त्यांच्या अर्थाकडे त्याचे लक्षच जात नाही. 'पुढील आदेश होईपर्यंत' हे शब्द त्यांपैकीच होत. २०२० ते २०२२ ह्या काळात कोविडच्या साथीच्या निमित्ताने देशभर जे असंख्य आदेश निघाले, त्यांच्या अखेरीस हे शब्द वारंवार आढळत. आदेश कधी लागू झाला हे त्यावरून कळे. तो कशामुळे आणि केव्हा संपेल, हे मात्र कळत नसे. काही आदेशांना मुदत असे. परंतु ती संपण्याच्या आदल्या सायंकाळी तोच मजकूर नव्या तारखेनिशी पुन्हा निघे, आणि मुदत का वाढली ह्याचे कारण त्यात क्वचितच सापडे. साथ ओसरू लागल्यावर लोकांत जो वैताग दिसू लागला, त्याचे मूळ आम्हांस येथे दिसते.

ह्या वैतागाचा अर्थ पुष्कळ सुशिक्षितांनी निराळा लावला. लोक उतावीळ आहेत, त्यांना शास्त्र कळत नाही, शिस्तीचे वावडे आहे, असे त्यांचे म्हणणे. हा आरोप आम्हांस न्याय्य वाटत नाही. २४ मार्च २०२० रोजी एकवीस दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा झाली, तेव्हा ह्याच लोकांनी घराची दारे लावून घेतली. त्यात अनेकांची रोजची मिळकत बुडाली. कित्येकांना शेकडो कोस पायी चालत गाव गाठावे लागले. एवढे सोसणारा समाज दोन वर्षांनी एखाद्या मुखपट्टीवरून चिडतो, तेव्हा दोष त्याच्या सहनशक्तीचा मानण्यापूर्वी नियमाकडे एकवार पाहावयास नको काय?

दिल्लीतील एक उदाहरण घेऊ. स्वतःच्या मोटारीत एकट्याने बसून ती चालविणाऱ्यानेही मुखपट्टी बांधली पाहिजे, असा तेथे नियम होता. एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट चढत असताना, दिल्ली उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. त्या घटकेला सावधगिरीची परिसीमाही क्षम्य होती. लाट ओसरली, तिसरी येऊन गेली, उपाहारगृहे उघडली. नियम मात्र जागच्या जागी राहिला. अखेर १ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याच न्यायालयाने, हा नियम अद्याप का चालू आहे, अशी विचारणा केली, आणि तीनचार दिवसांतच एकट्या चालकास त्यातून सूट मिळाली. जो नियम तीन दिवसांत जाऊ शकतो, तो त्यापूर्वी कित्येक महिने कशाच्या आधारावर उभा होता? आधार एवढाच की, तो काढून टाकण्याचे काम कोणाकडेही सोपविलेले नव्हते.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण त्यात शास्त्र पुढे गेले आणि नियम मागे राहिला. आरंभी असा समज होता की, हा विषाणू मुख्यतः खोकल्यातून उडणाऱ्या थेंबांनी आणि ते ज्या वस्तूंवर पडतात त्यांच्या स्पर्शाने पसरतो. म्हणून भाजी धुण्यात आली, जिन्यांचे कठडे पुसण्यात आले, माणसांवरसुद्धा जंतुनाशकाचे फवारे उडविण्यात आले. माणसांवर असे फवारे मारू नयेत, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयास एप्रिल २०२० मध्येच सांगावे लागले. पुढे संशोधन वाढले. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने असा अंदाज दिला की, दूषित पृष्ठभागास एकदा हात लागल्याने रोग होण्याचा संभव दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने, कोंदट जागेतील हवेतून हा विषाणू पसरतो, हे आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट केले. मे २०२१ मध्ये भारत सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने सूचना प्रसिद्ध केली की, मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली पडतात, परंतु सूक्ष्म तुषार दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. म्हणून खिडक्या उघडा, पंखे योग्य दिशेने लावा, हवा खेळती ठेवा.

ही सूचना साधी, स्वस्त आणि शास्त्रशुद्ध होती. तरीही तिच्यानंतर कितीतरी दिवस कार्यालयांच्या दाराशी पहारेकरी प्रत्येकाच्या मनगटावर उष्णतामापक रोखून उभा होता, हातावर द्रव ओतीत होता, आणि आत सर्व खिडक्या लावून वातानुकूलन यंत्र चालू होते. ताप नसतानाही, किंबहुना लक्षणे दिसण्याच्या एकदोन दिवस आधीच, मनुष्य रोग पसरवू शकतो, हे तोपर्यंत सर्वश्रुत झाले होते. दाराशी चाललेला हा सोपस्कार मग कशासाठी? सामान्य माणसास तुषार आणि थेंब ह्यांतील भेद समजावून कोणी सांगितला नसेल. परंतु समोर जे चालले आहे ते निरर्थक आहे, हे त्याला कळत होते. हे त्याचे अज्ञान म्हणावे की निरीक्षण?

तिसरे उदाहरण मुंबईचे. लोकल गाडी ही त्या शहराची जीवनवाहिनी. १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन्ही मात्रा घेऊन चौदा दिवस लोटलेल्यांनाच तिच्यातून प्रवासाची मुभा मिळाली. तेव्हाच्या माहितीप्रमाणे ह्या नियमास आधार होता. लस घेतलेल्याकडून दुसऱ्यास रोग लागण्याचा संभव कमी, असे दिसत होते. नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस ओमिक्रॉन हा नवा प्रकार जाहीर झाला, आणि त्याची लागण लस घेतलेल्यांनाही सर्रास होऊ लागली. लस जीव वाचवीत होती, संसर्ग मात्र पूर्वीइतका रोखीत नव्हती. म्हणजे लस घेण्याचे कारण कायम होते, पण न घेणाऱ्यास गाडीत न घेण्याचे कारण दुबळे झाले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयात हा नियम ज्या कार्यपद्धतीने झाला तिच्यावरच प्रश्न उपस्थित झाले. तरी मार्चच्या आरंभी नवा आदेश काढून ती अट पुन्हा ठेवण्यात आली. ती गेली एप्रिलमध्ये, इतर सर्व निर्बंधांबरोबर.

असे का होते, ह्याचा विचार करताना अधिकाऱ्यांवर नुसते तोंडसुख घेणे उचित होणार नाही. त्यांची भीती खोटी नव्हती. १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाच्या साथीत सॅन फ्रान्सिस्को शहराने मुखपट्टीचा नियम २१ नोव्हेंबर रोजी समारंभपूर्वक उठविला, आणि जानेवारी १९१९ मध्ये रुग्ण वाढताच तो पुन्हा लागू केला. आपल्याकडेही फेब्रुवारी २०२१ मध्ये रोजच्या नव्या रुग्णांची संख्या दहा-बारा हजारांच्या घरात आली, साथ संपली असे आपण मानले, आणि मे महिन्यात तीच संख्या चार लाखांवर गेली. प्राणवायूसाठी झालेली धावाधाव ज्याने पाहिली, त्याचा हात नियम उठविताना कापणारच.

परंतु येथे एक विषमता आहे, ती ध्यानात घेतली पाहिजे. नियम लवकर उठविला आणि रुग्ण वाढले, तर उठविणाऱ्याचे नाव वृत्तपत्रांत येते. नियम उशिरा उठविला, तर त्याची हानी इतक्या घरांत विभागली जाते की, ती कोणाच्याच नावावर चढत नाही. अशा स्थितीत कोणताही व्यवहारी अधिकारी उशीरच पत्करील. हा दोष माणसाचा नसून व्यवस्थेचा आहे.

ती विभागलेली हानी किती मोठी असू शकते, हे शाळांवरून दिसते. महाराष्ट्रात उपाहारगृहे व मद्यालये ऑक्टोबर २०२० मध्येच मर्यादित संख्येने उघडली होती. पहिली ते चौथीच्या मुलांना मात्र मार्च २०२० पासून डिसेंबर २०२१ पर्यंत, म्हणजे सुमारे वीस महिने, वर्गाचे दार बंद राहिले. आणि जानेवारी २०२२ मध्ये ते पुन्हा काही काळ लागले. ह्या रोगाची झळ लहान मुलांना सर्वांत कमी लागते, हे एव्हाना स्पष्ट झाले होते. शाळा उघडावयाच्या झाल्यास प्राथमिक शाळा आधी उघडणे शहाणपणाचे होईल, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रमुखांनी जुलै २०२१ मध्ये सांगितले होते. प्रत्यक्षात बहुतेक राज्यांत वरचे वर्ग आधी उघडले आणि लहानांचा क्रम शेवटी लागला. ज्या मुलाच्या घरी दूरध्वनी यंत्र एकच, आणि तेही दिवसभर बापाबरोबर कामावर, त्याने त्या वीस महिन्यांत मुळाक्षरे कोठून शिकावयाची? ह्या मुलाचे नाव कोणत्याही दैनिक आकडेवारीत नव्हते.

नियम शास्त्राच्या मागे राहिला म्हणजे काय होते, ह्याचा अनुभव आपल्या देशाने पूर्वीही घेतला आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग आढळला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. त्या कायद्याने शासनास 'तात्पुरते' विनियम करण्याचा अधिकार दिला. परंतु तात्पुरते म्हणजे किती काळ, हे त्यात कोठेही सांगितले नाही. रोग घाणीत आहे ह्या समजुतीने घरे कार्बोलिक आम्लाने धुण्यात आली, जमिनी उकरण्यात आल्या, सामानसुमान जाळण्यात आले. पुण्यात सैनिकांकरवी घराघरांची झडती झाली. जनतेच्या संतापाची परिणती २२ जून १८९७ च्या रात्री रँड ह्या अधिकाऱ्यावरील गोळीबारात झाली, हे सर्वज्ञात आहे. पुढच्याच वर्षी कराचीत सीमाँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्लेगचा प्रसार उंदरावरील पिसवेमार्फत होतो हे दाखविले. आणि १९०५ नंतर मुंबईत झालेल्या पद्धतशीर संशोधनाने ते सिद्ध झाले. हिंसेचे समर्थन कोणी करणार नाही. परंतु ज्या उपायांपायी एवढा द्वेष ओढवून घेतला, त्यांतील कित्येक उपाय रोगाच्या खऱ्या वाटेवर नव्हतेच, ही गोष्ट विसरता येत नाही. २०२० मध्ये देशाने हाती घेतला तोही हाच १८९७ चा कायदा. त्यातील उणिवांची सविस्तर चर्चा विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ च्या अहवालात केली आहे.

मग करावयाचे काय? उपाय अपरिचित नाही. २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांप्रमाणे जागतिक आरोग्य संघटनेच्या तात्पुरत्या शिफारशी तीन महिन्यांनी आपोआप संपतात. त्या चालू ठेवावयाच्या तर पुन्हा विचार करून तसे ठरवावे लागते. ब्रिटनने २०२० मध्ये केलेल्या कोरोनाविषयक कायद्यास आरंभीच दोन वर्षांची मर्यादा घातली होती. डेन्मार्कने हा रोग 'समाजास गंभीर धोका' ह्या वर्गातून सप्टेंबर २०२१ मध्ये काढला, रुग्ण वाढताच नोव्हेंबरात पुन्हा त्यात घातला, आणि १ फेब्रुवारी २०२२ रोजी परत काढला. नियम मागे घेणे म्हणजे तो कायमचा गमावणे नव्हे, हे त्यावरून दिसते. जो नियम सहज उठविता येतो, तोच गरज पडल्यास सहज लावताही येतो. कारण तो पुन्हा जाईल असा लोकांना भरवसा असतो.

आमची सूचना एवढीच की, साथीच्या काळातील प्रत्येक आदेशात तीन वाक्ये असलीच पाहिजेत. हा नियम कोणत्या पुराव्यावरून केला, हे पहिले. कोणती गोष्ट घडली असता तो उठेल, हे दुसरे. आणि फेरविचार न झाल्यास तो कोणत्या तारखेस आपोआप संपेल, हे तिसरे. चौथी गोष्ट भाषेची. 'बंधनकारक' आणि 'इष्ट' हे दोन शब्द कधीही एकमेकांत मिसळू देऊ नयेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये विमानप्रवासातील मुखपट्टीची सक्ती उठली, तेव्हा ती वापरणे इष्ट आहे, असे सांगण्यात आले. हा भेद योग्य होता. वृद्धांनी व आजाऱ्यांनी गर्दीत मुखपट्टी बांधावी हा सल्ला आजही शहाणपणाचा आहे. परंतु सल्ला जोपर्यंत दंडाच्या पावतीसह येतो, तोपर्यंत तो सल्ला म्हणून कोणी ऐकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडविषयीची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. साथ मात्र ही शेवटची नव्हे. पुढची केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही; पण ती येईल तेव्हा पहिल्या दिवशी लोकांनी दारे लावून घ्यावीत, अशीच आपली अपेक्षा राहील. त्या दिवशी लोक ऐकतील की नाही, हे मागच्या साथीच्या शेवटच्या दिवसांत त्यांना कसे वागविले, ह्यावर पुष्कळ अंशी अवलंबून आहे. शास्त्रज्ञ आपला सिद्धान्त उराशी धरतो तो पुढील पुरावा मिळेपर्यंतच. शास्त्राच्या नावाने केलेल्या नियमासही हीच मुदत असावी.