सब्राचा उपदेश आणि सिस्टरचं शिक्षण

कर्जत-खालापूरच्या वाडीवस्तीतला कॅन्सरचा रुग्ण 'आता घरीच ठेवा' हे ऐकून मुंबईहून परततो. पुढे त्याला आधार गावच्या सिस्टरचाच. २०१२ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, २०१४ मध्ये कायदा बदलून मॉर्फिन मिळवणं सोपं झालं. मी विचारतो, सिस्टरला शिकवलं किती? वेदना मोजायची कशी, डॉक्टरांनी दिलेली गोळी घड्याळाप्रमाणेच का, सोबत बद्धकोष्ठतेचं औषध का, सडलेली जखम धुवायची कशी?

आपणही कमी नाही. मॉर्फिनला नशा म्हणतो, तळमळणाऱ्याला सब्र शिकवतो. दुसऱ्याच्या वेदनेवर सब्र करणं फार सोपं! इयादतला फळं नेता ना? मग आरोग्य केंद्रात जाऊन सिस्टरसाठी हे प्रशिक्षणही मागा.