तांबड्या वाइनचा मळा : आधी गिऱ्हाईक, मग लागवड

खाण्याची द्राक्षे व्यापाऱ्याच्या हवाली करून त्याच्या भावाकडे डोळे लावून बसण्यापेक्षा, आपल्याच मळ्यातील काळ्या द्राक्षांची तांबडी वाइन आपणच का करू नये, असा विचार नाशिक भागातील एखाद्या लहान बागायतदार कुटुंबाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. हा विचार त्याज्य नाही. मात्र त्यामागील हिशेब पुरता मांडल्यावाचून कुदळ हाती घेणे हिताचे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम पिकाचाच विचार करू. खाण्याच्या द्राक्षात मणी टपोरा व्हावा म्हणून बागायतदार विरळणी करतो, जिबरेलिक आम्ल वापरतो आणि मोठ्या मण्याचा अभिमान बाळगतो. वाइनच्या द्राक्षात हा अभिमान सोडावा लागतो. तांबड्या वाइनचा रंग व तुरटपणा रसात नसून सालीत असतो; म्हणून शिराझ किंवा कॅबरने सॉविन्यो या जातींचा मणी लहान असणे हाच गुण होय. वेलीवर घड बेसुमार ठेवले, तर साखर व रंग दोन्ही उतरतात. अशा वेळी कमी उत्पन्न घेणे हीच खरी शेती ठरते.

पुढील कामही सबुरीचे आहे. ऑक्टोबर छाटणीचे फळ जानेवारी ते मार्च या काळात उतरते. द्राक्षे चिरडून रस सालीसकट आंबविला जातो. साल वर येऊन तिचा जाड थर जमतो; तो दिवसातून दोन-तीन वेळा खाली दाबावा लागतो. बाटली भरण्यापूर्वी चांगली तांबडी वाइन पुष्कळदा वर्षभर, कधी त्याहून अधिक काळ, टाकीत किंवा लाकडी पिंपात मुरविली जाते. तेवढा काळ भांडवल अडकून पडते, आणि घरखर्च, मजुरी व औषधफवारणी मात्र थांबत नाही.

इतिहासही विसरू नये. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. विंचूर व पलूस येथे वाइन उद्याने उभारण्यात आली. अनेक बागायतदारांनी वाइनच्या जाती लावल्या. २००८ च्या जागतिक मंदीनंतर मागणी घटली, कारखान्यांकडे माल पडून राहिला व त्यांनी द्राक्षे घेण्याचे नाकारले. बारीक, बियांचा मणी खाण्याच्या बाजारात कोण घेणार? कित्येकांना उभ्या बागा उपटून टाकाव्या लागल्या. वेल वाईट नव्हती. एकाच गिऱ्हाइकावर भिस्त ठेवणे वाईट होते.

म्हणून आमचे सांगणे असे की, लहान कुटुंबाने सर्व क्षेत्र वाइनच्या द्राक्षांखाली कधीही आणू नये. कारखान्याशी करार करावयाचा तो लेखी असावा. त्यात भाव, साखरेचे प्रमाण व माल नाकारल्यास भरपाई यांचा स्पष्ट उल्लेख असावा. स्वतः वाइन करावयाची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना आधी घ्यावा. परवान्यावाचून ती करणे गुन्हा आहे. शेजारच्या चार-सहा कुटुंबांनी मिळून यंत्रसामग्री उभारल्यास कर्जाचे ओझे वाटले जाईल.

मद्य हा विषय समाजात वादाचा आहे, आणि तो तसा राहणेच योग्य. येथे प्रश्न पिण्याचा नसून पिकविणाऱ्याच्या पोटाचा आहे. ज्या कुटुंबापाशी थांबण्याची ऐपत आहे, ज्याला उत्पन्न कमी घेण्याचे धैर्य आहे व ज्याचे गिऱ्हाईक आधी ठरले आहे, त्याने हा मार्ग अवश्य धरावा. इतरांनी शेजाऱ्याची बाग पाहून आपली बाग मोडू नये.