नियम लपवून सभ्यता टिकत नाही

ज्या नियमाने माणसाचे वाक्य कापले जाते, तो नियम त्या माणसाला आधी वाचावयास मिळाला पाहिजे. न्यायालयात हे तत्त्व सर्वमान्य आहे. ध्वनिक्षेपणाच्या क्षेत्रात मात्र ते आपोआप मान्य झालेले नाही, आणि म्हणूनच त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

ब्रिटनच्या बीबीसीचेच उदाहरण घ्या. या संस्थेच्या विनोदी कार्यक्रमांच्या विभागाने 1948 साली लेखक व निर्माते यांच्यासाठी एक पुस्तिका सिद्ध केली. 'ग्रीन बुक' या नावाने ती पुढे ओळखली जाऊ लागली. शौचकूप, बायकी वळणाचे पुरुष, मधुचंद्रास निघालेली जोडपी, स्त्रियांची अंतर्वस्त्रे, इतकेच काय सशांच्या सवयी, यांवरील विनोद तिने वर्ज्य ठरविले. देवाच्या नावाचे उद्गार व काही शिव्याही निषिद्ध केल्या. ही पुस्तिका संस्थेच्या अंतर्गत वापरासाठी होती. परवानाशुल्क भरणारा श्रोता आपल्या कानावर काय पडू द्यावयाचे याचा निवाडा कोणत्या मापाने होतो, हे जाणत नव्हता. आज त्यांतील अनेक कलमे वाचून हसू येते. परंतु नियम हास्यास्पद आहे हे कळण्यासाठीही तो आधी दिसावा लागतो!

आज तेथील स्थिती पुष्कळ सुधारली आहे. बीबीसीची संपादकीय मार्गदर्शक तत्त्वे कोणासही वाचता येतात. 2017 पासून तिच्यावर बाह्य देखरेख करणाऱ्या ऑफकॉम या नियामक संस्थेची संहिताही खुली आहे. अत्यंत आक्षेपार्ह शब्द रात्री 9 पूर्वी दूरचित्रवाणीवर येता कामा नयेत, हा त्या संहितेतील नियम. ऑफकॉमने 2016 व 2021 साली लोकांची मते अजमावून कोणता शब्द सौम्य व कोणता तीव्र याची वर्गवारीच प्रसिद्ध केली.

तथापि एक दार अर्धे मिटलेलेच आहे. ब्रिटनचा माहिती स्वातंत्र्याचा कायदा 2000 साली झाला व 2005 पासून तो पूर्णपणे अमलात आला. पण पत्रकारिता, कला व साहित्य यांसाठी बीबीसीजवळ असलेली माहिती त्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवली. ही सवलत अवाजवी आहे असे आम्ही म्हणणार नाही. नाटककाराचा कच्चा मसुदा किंवा वार्ताहराची टिपणे चव्हाट्यावर आली, तर लेखणी भिऊन चालेल. परंतु मसुदा वेगळा आणि नियम वेगळा. मसुद्याला आडोसा हवा. नियमाला उजेड हवा. सवलतीची चादर ओढून नियमही झाकण्याचा मोह कोणत्याही संस्थेस होऊ नये.

शब्दांची यादी प्रसिद्ध केली तर वात्रटांचे फावेल, अशी शंका काही सज्जन घेतात. आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. वर्गातील वात्रट मुलाला ती यादी गुरुजींच्या आधीच पाठ असते! ज्याला नियम माहीत नसतो तो निरुपद्रवी मुलगा मात्र छडी खातो.

अमेरिकेत हेच घडले. थेट प्रक्षेपणात ओझरत्या आलेल्या अपशब्दांबद्दल तेथील नियामक आयोगाने 2004 साली आपले धोरण कडक केले आणि त्यापूर्वीच्या प्रक्षेपणांनाही ते लावले. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचे निर्णय रद्द केले. कारण एवढेच की, वाहिन्यांना पुरेशी पूर्वसूचना नव्हती.

आपल्याकडेही या प्रश्नाचे मोल आहे. नभोवाणी मंत्री डॉ. केसकर यांच्या कारकीर्दीत 1952 साली आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना कात्री लागली. श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन गाठले. अभिरुचीचा निवाडा श्रोत्याला बाजूला ठेवून केला की असे होते. आज 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 सार्वजनिक संस्थांना आपले नियम व सूचना स्वतःहून प्रसिद्ध करावयास सांगते. प्रसार भारतीने हे कलम केवळ अक्षरशः न पाळता मनापासून पाळावे. 'अश्लील' किंवा 'सभ्यतेस बाधक' एवढे म्हणून भागत नाही. त्या शब्दांचा अर्थ कसा लावला जातो, अंतिम निर्णय कोण देतो व तक्रार कोठे करावी, हे सामान्य श्रोत्यास मराठीत वाचता आले पाहिजे.

सभ्यतेचे रक्षण आम्हांलाही हवे आहे. पण सभ्यता ही समाजाची ठेव आहे; तिच्या हिशेबाची वही समाजापासूनच लपवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही कारकुनास नाही.