वेलीआधी खड्डा खणा



कापूस-ज्वारी सोडा, द्राक्ष लावा, तासगावचा शेतकरी बघा कसा वर आला, हा उपदेश कोरडवाहू शेतकऱ्याला फार केला जातो. करणाऱ्याला तो फुकटच पडतो.

तासगाव बघायचे तर पुरते बघा. पाऊस तिकडेही कमीच. बागा उभ्या राहिल्या त्या निचऱ्याच्या मुरमाड रानांवर, ठिबकवर, क्षार आणि पाण्याचा ताण सोसणाऱ्या डॉगरिज खुंटावर. 2003 च्या दुष्काळात टँकरचे पाणी विकत घेऊन त्या जगवाव्या लागल्या. टँकरचे पैसे कुठून आणायचे, ते उपदेशक सांगत नाही.

आपली काळी जमीन ओल धरून ठेवते. कापसाला, रब्बी ज्वारीला हा गुण. द्राक्षाला तोच अवगुण. पावसाळ्यात माती फुगते, हवा कोंडते, पांढरी मुळी सडते. उन्हाळ्यात भेगा पडून मुळ्या तुटतात. चुनखड असेल तर वेलीला लोह मिळत नाही, शेंडे पिवळे पडतात. बोअरचे पाणी मचूळ असले तर ठिबकखालच्या ओलाव्याच्या कडेला क्षार साचतात आणि हलक्या सरीने तेच मुळाशी येतात. म्हणून वेलीआधी तीन फूट खड्डा खणा. पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभे दिसले तर त्या रानात वेल नको.

आता पाण्याचा हिशेब. खरड छाटणी एप्रिलची. तेव्हा दिवसाला 10 मिलिमीटर पाणी उन्हाने उडते. नव्या फुटीच्या वाढीला एकरी रोज सुमारे 17 हजार लिटर लागते. पुढे डोळ्यात घड तयार होताना हेच पाणी तिसऱ्या हिश्श्यावर आणायचे, नाहीतर नुसता पाला वाढतो. म्हणजे पाणी हवे तेव्हा हाताशी हवे आणि नको तेव्हा तोडताही आले पाहिजे. आपल्या विहिरी त्याच दिवसांत तळ गाठतात. एक एकर बाग 12 दिवसांत पिते तेवढ्या पाण्यात एक एकर ज्वारीला पोटरीत 50 मिलिमीटरची पाळी बसते. ज्वारीला भाव मिळाला असता तर हा हिशेब मांडायची वेळच आली नसती!

ज्याचे रान मुरमाड, विहिरीला मे अखेर पाणी, मांडवाचा खर्च झेपतो, त्याने खुशाल द्राक्ष लावावे. बाकीच्यांनी द्राक्षवाल्याकडून ठिबक आणि पाणी मोजायची सवय तेवढी घ्यावी. कपाशीच्या ओळीला ती लगेच कामी येते.

जिल्हा मेळाव्यात एक मागणी ठरावात घालावी. बागेचे कर्ज किंवा अनुदान मंजूर करण्याआधी तीन फूट खोलीपर्यंतची माती आणि मे महिन्यातले विहिरीचे पाणी तपासले जावे, आणि तपासणीचा खर्च कर्ज देणाऱ्याने करावा.