एड्सदिनाच्या फेरीने भागणार नाही

एक डिसेंबर उजाडला की महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांच्या हाती फलक देऊन फेरी काढली जाते, एखाद्या डॉक्टरांचे व्याख्यान होते आणि अहवालातील रकाना भरला जातो. आपल्या बहुतेक शिक्षणसंस्थांच्या लेखी लैंगिक आरोग्यशिक्षण येथेच संपते.

१९२५ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’वरील अश्लीलतेच्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. या वारशाचा अभिमान सांगणाऱ्या महाराष्ट्रात २००७ साली विधिमंडळात गदारोळ होऊन शाळांतील लैंगिक शिक्षण बंद पाडण्यात आले! म्हणे मुले बिघडतील. जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन युनेस्कोने २०१८ साली नेमके उलट सांगितले : अशा शिक्षणाने तरुणांतील शरीरसंबंध वाढत नाहीत, निरोधाचा वापर मात्र वाढतो; निव्वळ संयमाचा उपदेश निष्फळ ठरतो.

परंतु नुसत्या माहितीने वर्तन बदलत नाही. निरवांगीसारख्या गावातून इंदापूर-बारामतीला शिकायला जाणारा मुलगा घ्या. निरोध कशासाठी हे त्याला ठाऊक असले, तरी जवळच्या औषधाच्या दुकानात तो मागणार कसा? दुकानदार वडिलांच्या ओळखीचा. शहरात निदान गर्दीचा आडोसा असतो. मुलीची कोंडी याहून बिकट. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीला कायदेशीर गर्भपातासाठी बाप, भाऊ वा नवरा यांपैकी कोणाचीही संमती लागत नाही, हे १९७१ चा कायदा सांगतो. तिचे नाव फोडणे हा २०२१ च्या दुरुस्तीनंतर गुन्हाच आहे. व्याख्यानात रोगाची भीती घातली जाते, हा हक्क कोण सांगतो?

आणि जी महाविद्यालयाची पायरीच चढत नाही तिचे काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या सुमारे बावीस टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. हंगामात याच पट्ट्यात ऊस तोडायला येणाऱ्या कुटुंबांच्या कोप्यांतून अशा किती मुली संसार करीत असतील! ‘पुढे महाविद्यालयात शिकवू’ म्हणणे म्हणजे त्यांना ते शिक्षण नाकारणे होय.

तेव्हा आठवीपासून हा विषय वर्गात आला पाहिजे, प्राथमिक आरोग्य केंद्रात तरुणांना नावगाव न विचारता निरोध व सल्ला मिळाला पाहिजे आणि तोडणीच्या तळांवर आरोग्यसेविका पोचली पाहिजे. या भागातील साखर कारखाने सभासदांच्या मालकीचे म्हणविले जातात. निदान शेवटच्या मागणीचा जाब सभासदांनी येत्या वार्षिक सभेत संचालकांना विचारावा.