परकीय पाठबळावरील दहशतवादी हल्ल्यांना कठोर, कायदेशीर आणि उत्तरदायी प्रत्युत्तर देण्याबाबत निवेदन

दिनांक : २६ नोव्हेंबर २०२५
स्थळ : बदलापूर गाव, ता. अंबरनाथ, जि. ठाणे

प्रति,
मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मार्फत : मा. तहसीलदार, अंबरनाथ

विषय : दहशतवादी हल्ल्यांचा तपास, खटले, पीडितांचे पुनर्वसन व स्थानिक सज्जता यांबाबतच्या मागण्या.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे बदलापूर गावचे रहिवासी आणि लोकलचे नेहमीचे प्रवासी हे निवेदन सादर करीत आहोत. मुंबईवरील २६/११ च्या हल्ल्याला आज १७ वर्षे झाली आणि आजच संविधान दिनही आहे. हल्लेखोरांना उत्तर कोणत्या बळावर द्यायचे, हे ठरवताना या दोन्ही गोष्टींचे भान असावे, अशी आमची भूमिका आहे.

आमच्या रेल्वेमार्गाला दहशतवादाची झळ वारंवार बसली आहे. १३ मार्च २००३ रोजी मुलुंड स्थानकात स्फोट झाला तो कर्जतकडे येणाऱ्या लोकलच्या महिला डब्यात. २००८ च्या त्या हल्ल्यात सीएसटी स्थानकावर गोळीबार झाला, तेथे आमच्या भागातले हजारो लोक रोज उतरतात. २२ एप्रिल २०२५ रोजी काश्मीरमधील पहलगाम येथे दहशतवादी हल्ल्यात मारल्या गेलेल्या २६ जणांपैकी तिघे याच मार्गावरील डोंबिवलीचे होते.

असे हल्लेखोर पाठवणाऱ्यांना जबर किंमत मोजायला लावली पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. मात्र या लढाईत पुरावा हे मोठे शस्त्र आहे. २६/११ च्या रात्री पोलीस सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी प्राण देऊन हल्लेखोर अजमल कसाबला जिवंत पकडून दिले. म्हणूनच कटाचे धागे पाकिस्तानपर्यंत पोहोचले आणि कटाचा काही भाग स्वतःच्या भूमीवर शिजल्याचे त्या देशाला फेब्रुवारी २००९ मध्ये मान्य करावे लागले. कसाबला वकील मिळाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील करता आले आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्याच खटल्यात दोन भारतीय सहआरोपी पुराव्याअभावी सुटले. त्यामुळे निकालाची विश्वासार्हता वाढलीच.

याउलट ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांचे झाले. सात स्फोटांत १८० हून अधिक प्रवासी गेले. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये दोषी ठरवलेल्या बाराही जणांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सोडले. या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्यास सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली असून प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. त्याच्या गुणदोषांवर आम्ही बोलत नाही. पण १९ वर्षांनंतरही ‘आमची माणसे कोणी मारली?’ याचे पक्के उत्तर पीडितांच्या घरी पोहोचलेले नाही. तपास कच्चा राहिला तर खरा गुन्हेगार मोकळा राहतो आणि निरपराध माणूस तुरुंगात सडण्याचा धोका असतो.

म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

१. दहशतवादविरोधी तपासात न्यायवैद्यक पुराव्यावर भर द्यावा. कोठडीतील कबुलीजबाबावर खटला उभा राहू नये. चौकशीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण सक्तीचे करावे.

२. साक्षीदार संरक्षणाची कायदेशीर तरतूद प्रत्यक्षात राबवावी. २६/११ च्या खटल्यात गोळी लागलेली एक लहान मुलगी कुबड्या घेऊन साक्षीला आली होती. अशा साक्षीदारांची जबाबदारी निकालानंतरही शासनाने सोडू नये.

३. विशेष न्यायालयांत न्यायाधीश व सरकारी वकिलांची पदे रिक्त ठेवू नयेत आणि खटले रोजच्या रोज चालवावेत. १० एप्रिल २०२५ रोजी भारतात आणलेला २६/११ च्या कटातील आरोपी तहव्वूर राणा याच्यावरील खटल्यासाठी राज्याकडील अभिलेख विनाविलंब द्यावेत.

४. पहलगाममधील राज्यातील मृतांच्या कुटुंबांना शासनाने प्रत्येकी ५० लाख रुपये जाहीर केले, हे योग्यच झाले. मात्र मदत दर वेळी घोषणेवर अवलंबून नसावी. त्यासाठी कायम नियम करावा व त्यात जखमींचा आजन्म उपचार धरावा. २००६ च्या स्फोटातील एका जखमीने नऊ वर्षे कोमात काढून २०१५ मध्ये प्राण सोडला.

५. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर स्थानके, अंबरनाथची आयुध निर्माणी आणि बारवी धरण यांचा एकत्रित सुरक्षा आढावा घ्यावा. ७ मे २०२५ रोजी देशभर झाला तसा नागरी संरक्षणाचा सराव येथे वर्षातून दोनदा व्हावा. त्यात रेल्वे, नगरपरिषद, रुग्णालये व रिक्षाचालक यांना सामील करावे.

६. हल्ल्यानंतर कोणत्याही धर्माच्या किंवा प्रांताच्या माणसावर राग काढणाऱ्यांवर तत्काळ गुन्हे नोंदवावेत. पहलगामनंतर काही राज्यांत काश्मिरी विद्यार्थ्यांना त्रास झाल्याच्या बातम्या आल्या. त्याच हल्ल्यात पर्यटकांसाठी पुढे झालेला स्थानिक मुसलमान घोडेवाला मारला गेला, हे विसरता येणार नाही. शेजाऱ्यांत फूट पडावी हाच हल्लेखोरांचा हेतू असतो.

७. २६/११ च्या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीच्या शिफारशींपैकी किती अमलात आल्या, याचा अहवाल येत्या हिवाळी अधिवेशनात मांडावा.

८. लष्करी कारवाईचा निर्णय केंद्राचा आहे. तथापि अशा कारवाईनंतर, गोपनीयता सांभाळून, संसदेत सविस्तर चर्चा व्हावी आणि हल्ला रोखण्यात कुठे कसूर झाली याचीही चौकशी व्हावी, अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी.

प्रश्न विचारणारा नागरिक सैन्याचे किंवा पोलिसांचे मनोधैर्य खचवतो, असे आम्ही मानत नाही. ओंबळे यांच्या हाती त्या रात्री फक्त काठी होती. पोलिसांच्या हाती पुरेशी साधने दिली का, हे विचारणे हा त्यांच्या बलिदानाचाच मान आहे.

वरील मागण्यांवरील कार्यवाहीची लेखी माहिती आम्हांस तहसील कार्यालयामार्फत मिळावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
बदलापूर गावातील ग्रामस्थ व रेल्वे प्रवासी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीस्तव :
१. मा. जिल्हाधिकारी, ठाणे
२. मा. पोलीस आयुक्त, ठाणे शहर
३. मा. मुख्याधिकारी, कुळगाव-बदलापूर नगरपरिषद