दोघांचे एक नाव

गेल्या पंधरवड्यात आमच्या घरी एक खटला उभा राहिला. वादी व प्रतिवादी दोघेही आमचे नातूच; एक आमच्या मुलाचा मुलगा, दुसरा आमच्या दिवंगत चुलतबंधूंचा नातू. दोघांनी मिळून एक रहस्यकथा रचली. ती शाळेच्या वार्षिक अंकास द्यावयाची, तोच नाव कोणाचे आधी घालावे ह्यावरून अबोला झाला. आमचा नातू म्हणे, "कल्पना माझी", दुसरा म्हणे, "लिहिली कोणी?" अखेर प्रकरण निवाड्यासाठी आमच्या आरामखुर्चीपुढे आले. आम्ही निकाल राखून ठेवला आणि त्या दोघांस अमेरिकेतील दोन भावांची हकीकत सांगितली.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९०५ साली जन्मलेले फ्रेडरिक डॅने आणि मॅनफ्रेड ली हे नात्याने भाऊ. एक जाहिरातीच्या धंद्यात, दुसरा चित्रपटांच्या प्रसिद्धिखात्यात. एका मासिकाने रहस्यकादंबरीसाठी साडेसात हजार डॉलरांचे बक्षीस लावलेले पाहून दोघांनी फावल्या वेळी एक कादंबरी सिद्ध केली. बक्षीस आपलेच, असे त्यांस आतून कळलेही होते. परंतु ते मासिक बुडाले, दुसऱ्या हाती गेले आणि नव्या मालकांनी बक्षीस दुसऱ्यास दिले. तथापि १९२९ साली ती कादंबरी पुस्तकरूपाने निघालीच. तीच 'द रोमन हॅट मिस्टरी'. लेखकाचे नाव एलरी क्वीन, आणि कथेतील गुप्त पोलिसाचे नावही एलरी क्वीन! वाचक लेखकाचे नाव विसरतात, नायकाचे विसरत नाहीत, हे हेरून त्या चतुरांनी एकाच नावाने दोन्ही कामे साधली.

ह्या मालिकेच्या आरंभीच्या पुस्तकांत एक मौज असे. गुन्हेगार उघडा पडण्यापूर्वी कथा थांबवून लेखक वाचकास आव्हान देई, की सर्व पुरावा आता तुमच्यापुढे आहे. चोर तुम्हीच ओळखा. म्हणजे वाचकही ह्या संसारात तिसरा भागीदारच झाला. कोणतीही खूण लपवावयाची नाही, मात्र ती सहज दिसेल अशीही ठेवावयाची नाही, हे ह्या कलेचे व्रत होय. ह्याच दोघांनी बार्नबी रॉस हे दुसरे नाव घेऊन १९३२ व १९३३ ह्या दोन वर्षांत चार कादंबऱ्या लिहिल्या. आणि मुखवटे घालून एकाने क्वीन व दुसऱ्याने रॉस बनून श्रोत्यांपुढे वादही घातले!

आता मुख्य मुद्दा. दोघांपैकी कोण काय करतो, हे त्यांनी पुष्कळ वर्षे बाहेर पडू दिले नाही. पुढे कळले ते असे: कथानक, खुणा, उलगडा ह्यांचा तपशीलवार आराखडा डॅने ह्यांचा; त्यावर प्रत्यक्ष कादंबरी लिहावयाची ती ली ह्यांनी. आणि हे काम गोडीगुलाबीने चाले असे मुळीच नाही. १९४७ ते १९५० ह्या काळातील त्यांच्या पत्रांचे निवडक पुस्तक २०१२ साली निघाले. ते वाचून मन थक्क होते. एकास वाटे, आपण जपून रचलेले कथानक दुसरा बिघडवितो. दुसऱ्यास वाटे, न पटणारी माणसे पटवून देण्याची वेठ आपल्याच माथी आली आहे. इतके असूनही जोडी फुटली नाही. पुढे ली ह्यांची लेखणी काही वर्षे अडली, तेव्हा आराखड्यावरून लेखन इतरांकडून करविले; पण मुखपृष्ठावर नाव तेच. १९७१ साली ली वारले. त्यानंतर डॅने ह्यांनी १९४१ साली सुरू केलेले आपले मासिक १९८२ साली मृत्यू येईपर्यंत चालविले. एलरी क्वीनची नवी कादंबरी मात्र पुन्हा झाली नाही.

ही जोडी इतकी का टिकली? आम्हांस वाटते, ते नाव दोघांपैकी एकाचेही नव्हते म्हणून. भांडावयास कारणे पुष्कळ होती. पण नाव पळवून नेण्याची सोयच नव्हती.

येथवर सांगून आम्ही थांबलो असतो, तर मुलांस कदाचित अधिक बोध झाला असता. परंतु धाकट्याने विचारले, "आजोबा, तुम्ही कोणाबरोबर कधी लिहिले नाही का?" तेव्हा पन्नास वर्षांची गोष्ट कबूल करणे भाग पडले.

आमचे चुलतबंधू, दादा, आमच्याहून चार वर्षांनी मोठे. रात्री ओटीवर ते गोष्ट सांगत आणि आम्ही ती दोनशेपानी वहीत लिहून काढत असू. एक टपालमास्तर आणि त्यांचा धाकटा भाऊ. वाड्यातील कोठीतून नाहीशी होणारी दागिन्यांची पेटी. हकीकत सांगणारा तो धाकटा भाऊ. असे तीन भाग व्हावयाचे होते. "पुरावा सगळा पहिल्या दोन भागांत आहे, चोर तिसऱ्यात सांगेन," असे दादा म्हणत. पहिला भाग आम्ही गावच्या एका दिवाळी अंकास धाडला. छापून आला, खाली नाव एकट्या आमचे. ही चूक छापखान्याची नव्हे, ती आमचीच होती. दादांनी अंक शांतपणे वाचला, "मुद्रणदोष फार राहिले आहेत," एवढेच म्हणाले आणि अंक आमच्या हाती दिला. त्यानंतर ते गोष्ट सांगावयास ओटीवर बसले नाहीत. आम्ही क्षमा मागितली नाही, त्यांनी ती मागवली नाही. पुढे ते गेले, आणि तिसरा भाग त्यांच्याबरोबर गेला.

१८७० साली डिकन्स वारला तेव्हा त्याच्या 'एडविन ड्रूड' ह्या कादंबरीचे बारांपैकी सहाच भाग लिहून झाले होते. १९१४ साली लंडनमध्ये तिच्यातील संशयितावर लुटुपुटूचा खटलाही भरविण्यात आला. चेस्टरटन न्यायाधीश आणि बर्नार्ड शॉ पंचांचे प्रमुख! आमच्या घरी तितका थाट नव्हे. पण त्या वह्या वाचून मुनीम, वैद्य, पाहुणा ह्या सर्वांस आम्ही आजवर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून सोडून दिले आहे.

मुलांनी वह्या मागून नेल्या. तिसऱ्या दिवशी दादांचा नातू म्हणाला, "आजोबा, कोठीचे दार प्रत्येक वेळी गोष्ट सांगणाराच उघडतो. त्याला किल्ली कोणी दिली, हे कोठेच लिहिलेले नाही."

आम्ही वही पाहिली. खरेच नाही. ती वाक्ये दादांनी शब्दशः सांगून लिहवून घेतली होती, हे आम्हांस पक्के आठवते. तो सारा बेत दिवाळी अंकाच्या पूर्वीचा, तेव्हा त्यात आमच्यावर रोख असण्याचे कारण नाही. तरीही त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

बाणभट्टाची 'कादंबरी' अपुरी राहिली, ती पुत्राने पुरी केली. आमच्या घरी हे काम आता दोन नातवांनी अंगावर घेतले आहे. शाळेच्या अंकास त्यांची कथा दोघांच्या आद्याक्षरांच्या एका जोडनावाने गेली. अबोला आपोआप सुटला. तिसऱ्या भागासाठी मात्र आमची एक अट आहे. वह्यांच्या मुखपृष्ठांवर आम्ही काल शाईने दादांचे नाव घातले, आपले त्याच्या खाली. तो क्रम पुढेही तसाच राहावा.